निमकर्डे सरांचे राखाडी चौकोन

निमकर्डे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या करत बसले होते. फोन शोभाकाकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. "अनघा, हे गेले," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून पुन्हा, "हे गेले." दोनदा सांगायची सवय त्यांना सरांचीच लागलेली. फोनवर महत्त्वाचं तेवढं सर नेहमी दोनदा बोलत. रेंजचा काय भरवसा, एक हरवलं तर दुसरं पोहोचेल… मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. तरी फोन ठेवल्यावर मी उरलेल्या सगळ्या वह्यांवर सह्या केल्या, एकही सोडली नाही, आणि मगच उठून स्टाफरूममध्ये बातमी सांगितली. आपण असे का वागतो कोण जाणे.

पाचव्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले, शोकसभेत दुसरं काय बोलणार. एकाने त्यांना 'मितभाषी' म्हटलं तेव्हा मला हसू दाबावं लागलं. त्या गृहस्थांनी सरांशेजारी बसून बडनेरा ते अकोला एकदा तरी एसटीने जायला हवं होतं. मग आमचे एक निवृत्त वरिष्ठ उठले. त्यांनी सरांच्या साधेपणाबद्दल, विद्यार्थ्यांबद्दल, बऱ्याच गोष्टींबद्दल सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "एक दुर्दैवी चूक सोडली, तर निमकर्ड्यांच्या कारकिर्दीला कुठे डाग नाही." सभागृहात माना हलल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझीही मान हलली.

ती चूक सरांची नव्हती, माझी होती. आठ वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. या पुरवणीच्या संपादकांनी "सरांवर तुम्हीच लिहा" म्हटलं तेव्हा आधी मी टाळाटाळ केली. मग वाटलं, दुसऱ्या कोणी लिहिलं तर त्यातही ते 'एक चूक सोडली तर' येणारच, आणि छापलेलं पुसता येत नाही. म्हणून मीच लिहिते आहे. वाचून कोणाला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो.

सर वलगावचे. वडिलांची भाजीची वाडी होती. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल रोज सकाळी अमरावतीच्या बाजारात यायचा, आणि तो म्हाताऱ्याने कधीही एका गाडीत घातला नाही. एक पोतं एसटीच्या टपावर, एक सायकलवर, एक शेजाऱ्याच्या गाडीत. त्यातही गंमत अशी की एका पोत्यात नुसता पालक नि दुसऱ्यात नुसती वांगी असं नाही, तर प्रत्येकात सगळं थोडं थोडं. एसटी वाटेत बसली तरी दुकानात प्रत्येक भाजीचा चार जुड्यांचा तरी ढीग लागला पाहिजे, गिऱ्हाईक परत जाता कामा नये. सरांनी आम्हाला तिसऱ्या वर्षाला पहिल्याच तासाला ही पोत्यांची गोष्ट सांगितली होती आणि मग फळ्याकडे वळून म्हणाले होते, "हा आपला विषय. बाकीचं पुस्तकात आहे, वाचजा."

विषयाचं नाव लांबलचक आहे, एरर-रेझिलियंट व्हिडिओ कोडिंग. सांगायचं तर एवढंच, की मोबाइलच्या बेभरवशाच्या जाळ्यातून चालतं चित्र अशा रीतीने पाठवायचं, की वाटेत काही हरवलं तरी पलीकडच्या माणसाचं काम अडू नये. चित्राचे तुकडे करायचे, पण शेजारशेजारचे तुकडे एका पोत्यात भरायचे नाहीत. एक पोतं गेलं तर चित्राला इथेतिथे भोकं पडतील, पण सबंध तोंडच्या तोंड जाणार नाही. वडिलांनी जे पोट भरण्यासाठी केलं तेच सर आयुष्यभर गणित मांडून करत राहिले. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं की ते खूश होत.

बाकीचं जग रेंज शोधत फिरतं. सर रेंज नसलेल्या जागा शोधत फिरायचे. दर शनिवारी एसटीने अकोल्याला जायचं, शेवटच्या सीटवर बसायचं, मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचा आणि मांडीवर लॅपटॉप. मी इकडे प्रयोगशाळेतून एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा पाठवत राहायची. मूर्तिजापूर सोडलं की दोन टॉवरच्या मधात एक पट्टा होता, तिथे चित्राची पार चिंधी व्हायची, आणि तिथेच सरांना उत्साह यायचा. वहीत ते लिहून ठेवत, 'कडुलिंबापासून पुलापर्यंत काहीच नाही. उत्तम.' एकदा मी त्यांच्याबरोबर होते. शेजारचे फेटेवाले बाबा बराच वेळ पडदा न्याहाळून म्हणाले, "मास्तर, तुमचा पिक्चर अटकून राहिला ना." सर म्हणाले, "अटकाचाच आहे तो, बाबा. कसा अटकते तेच पाहून राहिलो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाला घरी नीट नेशील ना, असं काहीसं त्या नजरेत होतं.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करायला लागले तेव्हा अमरावतीतल्या आमच्या घरात जरा नाराजीच होती. वडील वकील, आजोबा वकील, आणि मुलगी एसटीच्या शेवटच्या सीटवर. पण सरांच्या हाताखाली काम करण्यात मजा होती. फक्त एका बाबतीत आमचं जमायचं नाही, ती म्हणजे ते राखाडी चौकोन. चित्राचा जो तुकडा पोहोचला नाही त्या जागी सर सपाट राखाडी चौकोन दाखवत. जगात सगळेजण ते भोक बुजवतात. आधीच्या चित्रातला त्याच जागेचा तुकडा उचलायचा आणि तिथे चिकटवायचा, पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मीही तसं बुजवण्याचं काम लिहिलं होतं, माझ्या प्रबंधातलं शेवटचं प्रकरण तेच होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते फार देखणं झालं होतं. सरांनी ते वाचलं, गणित तपासलं, शाबासकी दिली, आणि प्रत्यक्ष वापरायला मात्र नाही म्हणाले.

"पण सर, चित्र किती घाण दिसतं ते चौकोनांनी."

"दिसू दे. जे आलं नाही, ते आलं नाही म्हणून दिसलं पायजे." मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "बाजारात कालचा पालक पाणी मारून मांडला तर गिऱ्हाईकाले निदान हातात घेऊन समजते. चित्रातला कालचा पालक कोणालेच समजत नाही, अनघा."

त्यांचे लेख याच हट्टापायी परत येत. जो तो चित्र किती छान दिसतं त्यावर गुण देणार, आणि यांची चित्रं अंगावर ठिगळं असल्यासारखी. मी मनातल्या मनात म्हणायची, एवढा हुशार माणूस, पण वळणाचं पाणी वळणावरच जाणार. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

मग एक चांगलं काम हाती आलं. तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडच्या पुढे एक लहान गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या दवाखान्यात सिस्टर असायच्या, डॉक्टर नेहमी असतीलच असं नाही. त्या सिस्टरांनी टॅबलेटवरून रोगी दाखवायचा आणि अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी तो पाहून सल्ला द्यायचा, अशी चाचणी ठरली. रेंज यथातथाच, म्हणून चित्र पाठवायची आमची रीत वापरायची. सर इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर मनाने चांगले आणि कामाला चोख, पण त्यांची एक तक्रार होती. "मॅडम, पेशंटच्या तोंडावर हे चौकोन येतात, फार विचित्र वाटतं हो." त्यात बाहेरचे पाहुणे चाचणी पाहायला येणार असल्याचं कॉलेजने कळवलं. आणि त्याच आठवड्यात वलगावला सरांचे वडील वारले.

सर तेरवीपर्यंत येणार नव्हते. अकोल्याचं काम मी बघत होते. मी काय केलं ते सांगायला एक ओळ पुरते. प्रोग्रॅममध्ये एका जागी शून्य होतं, तिथे मी एक केलं. राखाडी चौकोन गेले आणि माझं बुजवण्याचं काम सुरू झालं. सरांना फोन केला नाही. घरात सुतक, अशा वेळी माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. ते नाही म्हणाले असते.

तेरवीच्या आदल्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, सिस्टरांनी द्वारकाबाईंना दाखवलं. चाळिशीतली बाई, घरची झेंडूची शेती. रात्री जमिनीवर झोपल्या होत्या, पहाटेपासून पोटात दुखत होतं, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. अंगावर सूज नाही, दंशाची खूण नाही. मी डॉक्टरांच्या शेजारी, पडद्यापासून हातभर अंतरावर बसले होते. डॉक्टरांच्या मनात मण्यार साप चावल्याचा संशय लगेच आला होता, हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक त्यांनाही बोलले. मण्यार चावली तर कधी कधी खूणही सापडत नाही. पापण्या जड होऊन खाली यायला लागतात, ती पहिली निशाणी. त्यांनी बाईंचे डोळे पाहिले. त्या वेळी नेमकं तेच पाहायला हवं होतं आणि त्यांनी तेच पाहिलं.

चित्र सुरेख येत होतं. गोधडीची वीण दिसत होती, सिस्टरांचा हात हलत होता, मागे कॅलेंडरचं पान वाऱ्याने उडत होतं. सगळं जिवंत. मी मनात म्हणाले, बघा, याला म्हणतात चित्र… चेहऱ्यात बारकावे जास्त, त्यामुळे चेहऱ्याचे तुकडे जड, आणि रेंज खालावली की जड तुकडे आधी हरवतात. त्या सकाळी ते एकामागून एक हरवत होते आणि माझा प्रोग्रॅम त्या प्रत्येकाच्या जागी आधीचा चेहरा निगुतीने चिकटवत होता. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "साहेब, बाईले झोप येऊन राहिली. डोये झाकून राहिली ते." डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "झोप कुठे, सिस्टर? डोळे तर टक्क उघडे आहेत." सिस्टर गप्प झाल्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "साहेबाले दिसून राहिलं, तर मीच चुकले असन, असं वाटलं मले." पोटदुखीचं औषध देऊन तासाभराने पुन्हा पाहू, असं ठरलं. दोन तासांनी द्वारकाबाईंना थुंकी गिळता येईना तेव्हा गाडी निघाली. अकोला यायच्या आधीच त्यांचा श्वास थांबला. वेळेत निघाल्या असत्या तर बहुधा वाचल्या असत्या, असं डॉक्टरांनीच पुढे सांगितलं.

सर तेरवी उरकून दुसऱ्या दिवशी आले. डोक्याचं मुंडण केलेलं, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटेना. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी प्रोग्रॅम उघडला, बराच वेळ एका ओळीकडे पाहत राहिले, आणि बंद केला. माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी बैठक झाली. टेबलाभोवती सहा-सात माणसं. विचारलं गेलं, चित्रात हा बदल कोणी केला? मला वाटलं आता आपण बोलायला हवं, आणि तोंड उघडेना. सर म्हणाले, "सॉफ्टवेअर माझं आहे. जबाबदारी माझी." कोणीतरी म्हणालं, पण तुम्ही तर गावी होता. सर म्हणाले, "जायच्या आधीच मी ते करून ठेवलं होतं." शांतपणे, डोळ्याची पापणी न लवता ते खोटं बोलले. महिन्याभराने माझी तोंडी परीक्षा होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "प्रबंधाचं बाइंडिंग झालं का?"

चाचणी बंद पडली. सरांकडे नवीन विद्यार्थी द्यायचे हळूहळू बंद झाले. विभागप्रमुखपद त्यांना मिळायचं होतं, ते मिळालं नाही. काही वर्षांनी ते मला मिळालं, आणि पेढे घेऊन मी त्यांच्याच घरी गेले. त्यांनी पेढा खाल्ला आणि एक काकूंना दिला. शनिवारची एसटी सुटली. गप्पा सुटल्या नाहीत, थट्टाही नाही, पण माझ्याशी बोलताना ते एका ठिकाणापर्यंत येत आणि वळत. एकदाच मी हिय्या करून सुरुवात केली, "सर, त्या वेळचं ते…" तेव्हा ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. पाइप तसाच धरून म्हणाले, "अनघा, तुले ज्याले सांगाचं आहे, त्याले सांग. मी तो नोहे." त्यांचा रोख मला बरोबर कळला होता. पण मी सोयीचा अर्थ घेतला, की सरांनी विषय मिटवला. घरी येऊन त्या दिवशी मला शांत झोप लागली, हेही लिहून टाकते.

या पावसाळ्यात त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं वाढलं. शेवटचं भेटले ती अमरावतीच्या एका दवाखान्यात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन वाक्यांच्या मध्ये एवढा वेळ जायचा की मधे आपणच काहीतरी बोलावं असं वाटे. ते मला मुलांच्या निकालाबद्दल विचारत होते. निघताना त्यांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "डिस्क घरी आहे… डिस्क घरी आहे." मला वाटलं विभागातलं काहीतरी राहिलं असेल. "हो सर, बघते," म्हटलं. चार दिवसांनी काकूंचा फोन आला.

शोकसभेनंतर आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी वरच्या खोलीतल्या कपाटातून साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली एक हार्ड डिस्क आणून माझ्यासमोर ठेवली. वलगावहून परतल्यावर सरांनी द्वारकाबाईंचं त्या सकाळी अकोल्यात पोहोचलेलं चित्र जसंच्या तसं, भोकांसकट, उतरवून घेतलेलं होतं. काकू म्हणाल्या, "ते दरवर्षी जायचे, तुला माहीत असेल." मला माहीत नव्हतं. द्वारकाबाई गेल्या त्या तारखेला सर त्यांच्या घरी जात. दिवसभर बसत, परत येत. पहिल्या वर्षी नवऱ्याने त्यांना दारातून हाकललं होतं. दुसऱ्या वर्षी पाणी दिलं. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, वैशाली. तिच्या आईचा घरात एकच फोटो, आधार कार्डावरचा. ती मोठी झाल्यावर तिने सरांना विचारलं होतं, त्या दिवसाचं माझ्या मायचं चित्र तुमच्याजवळ आहे का? सर म्हणाले, आहे, पण ते देणं माझ्या हातात नाही. "मी म्हटलं अहो, लेकराला आईचं चित्र द्यायला काय होतं तुम्हाला," काकू सांगत होत्या. "तर म्हणाले, ज्याच्या हातात आहे तो देईल." मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. मी खाली मान घालून चहा प्याले.

म्हणजे हा माणूस आठ वर्षं माझी वाट पाहत होता. मला हे उशिरा कळलं. फार उशिरा. रागवला असता, चारचौघांत बोलला असता, तर बरं झालं असतं असं वाटून मी त्या दिवशी रस्त्यावर गाडी थांबवून रडले.

मागच्या आठवड्यात मी गेले. अकोल्याहून अकोट, तिथून पुढे. वैशाली आता एकवीस वर्षांची आहे. बाप शेतात होता. ओसरीवर झेंडूचा ढीग होता आणि ती त्यातली डागी फुलं वेगळी काढत बसली होती. तिने मला बाजेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं, सर गेल्याचं तिला काकूंकडून कळलं होतं. वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. म्हटलं, "तुझ्या आईच्या चित्रात जो बदल झाला होता, तो सरांनी केला नव्हता. मी केला होता. सर तेव्हा अकोल्यात नव्हतेच."

तिचे हात थांबले नाहीत. "मले वाटेच," ती म्हणाली.

"काय वाटायचं?"

"का हे सरचं काम नोहे म्हणून. ते सांगत, माह्याच हातानं झालं. पण चूक ज्याची असते, तो दरसाल येत नसते, मॅडम."

ढिगाच्या पलीकडे एक कोंबडी दाणे टिपत होती, तिच्याकडे पाहत राहिले. मग वैशालीने हात झटकले, ओढणीला पुसले आणि विचारलं, "मायचं चित्र आणलं का?"

लॅपटॉप बाजेवर ठेवला. आधी सरांच्या पद्धतीने लावलं, शून्यावर. सुरुवातीची थोडी सेकंदं रेंज चांगली होती, चेहरा दिसला. वैशाली पुढे सरकली. पण तेवढ्यात चौकोन यायला लागले, आधी कपाळावर, मग गालावर, आणि मग चेहऱ्याच्या जागी नुसतं राखाडी. खाली गोधडी, तीवर आईचा हात. "बांगड्या मायच्याच आहेत," ती म्हणाली. "तोंड कुठी गेलं?"

"ते पोहोचलंच नाही."

"मंग डॉक्टरनं काय पायलं?"

मी शून्याचं एक केलं. आठ वर्षांनी तीच ओळ, तेच बोट. चौकोन गेले. द्वारकाबाईंचा चेहरा पडद्यावर आला, पदर कानामागे सारलेला, कपाळावर थोडे केस, डोळे टक्क उघडे, अगदी स्वच्छ. वैशालीने लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला. हे खोटं नाही, फक्त आधीचं आहे, असं मी तिला सांगणार होते, ते राहून गेलं. ती पडद्याला डोळे लावून बसली होती. तिच्या आईला हलतं-चालतं पाहायला तिला जगात दुसरी जागा नव्हती, आणि होती ती मी बिघडवलेली. वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिने ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं.

"सुरुवातीले माय पापण्या लवून राहिली," ती म्हणाली. "मंग पुढी काहून नाही लवत?"

चेहरा यायचा थांबला तो त्या क्षणी. तिथून पुढे अकरा मिनिटं द्वारकाबाईंचे डोळे एकदाही मिटत नाहीत. जिवंत माणसाचे डोळे असे राहत नाहीत, हे कळायला ना डॉक्टर व्हावं लागतं ना पीएच.डी. करावी लागते. त्या सकाळी डॉक्टर आणि मी त्या पडद्यासमोर बसलो होतो, आणि मी तर त्या चेहऱ्याकडे कौतुकाने पाहत होते.

"तुमाले तवा नाही दिसलं?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.